येते हं आत

मेंदूपेढीत तिला सगळे पापुद्रेबाई म्हणत. खरं आडनाव हजेरीपुस्तकात होतं, ते तिथंच राहिलं. मेलेल्या माणसाच्या मेंदूचा तुकडा मेणाच्या वडीत बसवलेला असे. ती वडी यंत्रात घट्ट करायची, उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि पात्याखालून निघणारा काप डाव्या हातातल्या कुंचल्याने अलगद उचलायचा, हे तिचं काम. काप कसला, कांद्याचा आतला पापुद्रा त्याच्यापुढे जाडजूड वाटावा. एकाला चिकटून दुसरा येतो, दुसऱ्याला तिसरा, आणि अशी त्यांची फीत होते. ती कोमट पाण्यावर सोडली की तिच्या सुरकुत्या आपोआप जातात. मग काचेची पट्टी पाण्यात तिरकी घालून एकेक काप तिच्यावर घ्यायचा. एकतीस वर्षं ती हेच करत आली होती. काप निघताना श्वास रोखावा लागतो, नाहीतर फीत उडते. ती म्हणे, निम्मं आयुष्य मी श्वासच घेतलेला नाही, तेव्हा देवाने तेवढी वर्षं शेवटी जोडून द्यायला हवीत.

तिची एक सवय होती. नवी वडी हातात आली की पहिलं चाक फिरवण्याआधी ती वडीवर बोट टेकवायची आणि हळूच म्हणायची, "येते हं आत." कोणी शिकवलं नव्हतं. परक्याच्या घरात शिरताना आपण उंबऱ्यावर थांबून आवाज देतो, तसंच. इथे तर माणसाच्या घराहूनही आतल्या जागेत शिरायचं असतं, आणि मालक काही बोलू शकत नाही.

कापांना रंग चढवणारा माणूस शेजारच्या टेबलावर बसे. त्याला रंगारी म्हणत. गेली पंधरा वर्षं तो तिच्या या सवयीची टर उडवत होता. एकदा त्याने विचारलं, "बाई, आतून कोणी 'या' म्हणालं तर काय कराल?"

"चपला बाहेर काढून जाईन," ती म्हणाली. आणि चाक फिरवलं.

पेढीचा एक नियम भिंतीवर लिहिलेला होता. वडीवर फक्त नंबर असतो, नाव नसतं. कोणाचा मेंदू आहे हे काम करणाऱ्याला कळता कामा नये. आणि चुकून कळलंच, आपल्या माणसाचा निघाला, तर वडी खाली ठेवायची आणि बाजूला व्हायचं. आपलं माणूस आपण कापायचं नाही. एकतीस वर्षांत तशी वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

ती एकटी राहायची. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि एक दार. घराबाहेर पडताना कुलूप आणि आत आल्यावर कडी ती तीन तीनदा बघायची. शेजारीण गमतीने म्हणे, तुमच्याकडे काय सोनं पुरलंय का हो. सोनं नव्हतं. एक जुनी दुपार होती.

त्या दुपारी ती एकोणीस वर्षांची होती. आईला तेव्हा जे झालं होतं त्याला नाव नव्हतं. लोक म्हणायचे, भ्रम झालाय. आई चालत सुटायची. घरातल्या माणसांना पाहुणे समजायची आणि स्वतःच्या घरी जायला निघायची. म्हणून दादाने, मधल्या भावाने, दाराला आतून वर उंचावर कडी बसवली होती. तिथवर आईचा हात पोचे, पण कडी काढायची कशी हे तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. कडी लागली की आई घरात, इतकं ते सोपं होतं.

दादा कारखान्यात गेलेला. ताई सासरहून आठ दिवसांसाठी आली होती, ती आतल्या खोलीत निजली होती. आईपाशी धाकटी. दुपारचं ऊन, पंख्याचा आवाज, आणि तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आईच्या अंथरुणावर धाकटीची ओढणी घडी करून ठेवलेली होती. ताईला उठवायलाही न थांबता ती शोधत धावली. आई संध्याकाळी सापडली, कालव्यात.

दादा एवढंच म्हणाला, "तू कडी लावली नाहीस." एकदाच म्हणाला. परत म्हणायची गरजच पडली नाही. ती तेव्हा रडत सांगत राहिली की लावली होती, चवड्यांवर उभं राहून लावली होती, खट् असा आवाजही आला होता. ताई भिंतीकडे तोंड करून बसली होती. आणि मग महिने गेले, वर्षं गेली. घरात सगळ्यांना एक गोष्ट माहीत असली आणि आपल्याला निराळी, तर आपलीच आपल्याला उद्धट वाटायला लागते. हळूहळू तो खट् आवाज पुसट झाला. कडीचं गार लोखंड हाताला लागलं होतं की नाही, हेही तिला सांगता येईना. लग्नाचं निघे तेव्हा 'आईला सांभाळू शकली नाही, ती घर काय सांभाळणार' असं कोणी म्हटलं नाही. पण ते वाक्य न बोलावलेल्या पाहुण्यासारखं घरात बसून असे, आणि स्थळं दारातूनच परतत. पुढे ती पेढीत लागली. मेंदूपेढीतच का, असं कोणी विचारलं तर म्हणे, हात हलका आहे माझा. तेही खरंच होतं.

पस्तीस वर्षांनी ताई तिच्याकडे राहायला आली. मेहुणे गेले, मुलं परदेशी, आणि ताई दूध उतू जाताना नुसती बघत उभी राहायला लागली होती. आईचंच दुखणं. आता त्याला नाव होतं, एवढाच फरक.

पेढीच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. त्यांनी समजावून सांगितलं ते तिला शब्दन्‌शब्द लक्षात राहिलं. मेंदूत एक प्रथिन असतं, कामाचंच असतं. पण त्याची घडी चुकते. घडी चुकलेलं प्रथिन शेजारच्यालाही तशीच चुकीची घडी घालायला लावतं, ते त्याच्या शेजारच्याला, आणि असे त्यांचे गठ्ठे होत जातात. त्या गठ्ठ्यांखाली माणूस गाडला जातो. औषध द्यावं तर रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये कडक पहारा असतो. मोठ्या रेणूची औषधं दारातच अडतात. हा रेणू मात्र इतका लहान की पहाऱ्यातून सुटतो. आत जाऊन दोन घड्यांच्या मध्ये बसतो आणि त्यांना जुळू देत नाही.

"दार बंदच असतं बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा फटीतून सरकतो."

तिने वळून खोलीच्या दाराकडे पाहिलं.

निम्म्या लोकांना खरी गोळी मिळणार होती, निम्म्यांना नुसतीच. कोणाला कुठली, हे घेणाऱ्याला माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. बाटलीवर फक्त नंबर. या औषधाने लघवी निळीहिरवी होते, म्हणून खोट्या गोळीतही थोडा रंग घातलेला, म्हणजे त्यावरूनही कोणी ओळखू नये. ताई त्या दिवशी बऱ्यापैकी शुद्धीत होती. तिने स्वतःच्या हाताने सह्या केल्या, मेल्यावर मेंदू पेढीला द्यायच्या कागदावरही. सही करून म्हणाली, "म्हणजे शेवटी मी तुझ्याच कामाला लागणार." सगळे हसले. ताईच्या बाटलीवर नंबर होता चारशे सतरा.

दोन वर्षं तो नंबर तिने रोज सकाळ-संध्याकाळ पाहिला.

निळा रंग घरभर झाला. संडासात, ताईच्या रुमालांवर, आणि सगळ्यात जास्त उशीच्या अभ्र्यावर. झोपेत येणाऱ्या घामाचे फिकट निळे डाग पडत. धुतले की जात नसत, नुसते मागे सरत. एका अभ्र्यावरचा डाग कुशीवर वळलेल्या चेहऱ्यासारखा दिसे. कपाळ, नाक, मिटलेला ओठ. ताई रात्री निजताना ती उशी उलटी करून घेई. का, असं विचारलं तर म्हणे, "ती ऐकते."

ताईने आणखी दोन चाळे सुरू केले. एक म्हणजे हाताला लागेल तो कागदाचा कपटा ती चार तुकडे करून फाडायची आणि मुठीत आवळून बसायची. बसचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, कॅलेंडरचं पान. मूठ सोडवायला गेलं की तिच्या डोळ्यांत भीती दिसायची. दुसरं म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला ती दाराशी जायची आणि कडी लावायची, काढायची, लावायची, काढायची. खट्, खट्, खट्. रविवारी घरी असली की पापुद्रेबाई कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात बसून राही.

चौदाव्या महिन्यात, अशाच एका रविवारी, तो आवाज मध्येच थांबला. ती बाहेर आली. ताई दाराला पाठ टेकून उभी होती. चेहरा असा, की कोणीतरी आतला दिवा लावावा. ताईने तिला लहानपणीच्या नावाने हाक मारली. त्या नावाने हाक मारणारं आता जगात कोणी उरलेलं नाही, असं तिला वाटत होतं.

"ठमे," ताई म्हणाली, "कडी तू लावली होतीस. मी काढली. मी गेले आणि दार नुसतं ओढून घेतलं."

ताईने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "चहा थंड होतोय."

खरंच होत होता.

तिने ताईला किती विचारलं. कुठे गेलीस, कशाला, परत कधी आलीस. तोवर तो दिवा विझला होता. पुढच्या रविवारी ताईने आपणहून विषय काढला, पण म्हणाली की कडी आईनेच काढली, मी पाहिलं ना, आई काचेसारखी आरपार दिसत होती. मग एकदा म्हणाली, त्या घराला दारच नव्हतं. आता यातलं कुठलं धरायचं? छत्तीस वर्षांचं ओझं एका वाक्याने उतरतं म्हणावं, तर ते वाक्य बोलणाऱ्याच्या डोक्याचा भरवसा नाही. खरी गोळी असेल, गठ्ठे फुटले असतील, वाट मोकळी झाली असेल, तर ते पहिलं वाक्य खरं. नुसतीच गोळी असेल, तर तेही त्या आरपार आईसारखंच. तिचं सगळं आयुष्य त्या एका नंबरवर येऊन टेकलं होतं, आणि तो नंबर कुठल्या बाजूचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. रोज सकाळी देवापुढे हात जोडताना ती काही मागत नसे. फक्त म्हणे, मला कळू दे.

दादाला सांगावंसं वाटलं. पण तो दोन गावं पलीकडे सुनेपाशी राहायचा, फोनवर चार शब्दांच्या वर बोलायचा नाही, आणि त्याच्यापाशी कडी हा शब्द उच्चारायचा धीर तिला अजून झाला नव्हता.

त्या हिवाळ्यात ताई छातीत कफ होऊन गेली. मेंदू पेढीत आला, इतर चाळीस-पन्नास मेंदूंबरोबर औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवला गेला. डॉक्टरीणबाईंना ताई माहीत होती, तिचा नंबर माहीत नव्हता. तो माहीत नसणं हाच तर सगळ्या चाचणीचा कणा. त्या पापुद्रेबाईंना एवढंच म्हणाल्या, "ओळखीचं काही आलं तर ठेवून द्या. मला सांगा. मी दुसऱ्याला देईन." तिने मान डोलावली. एकतीस वर्षं काम केलेल्या माणसाकडून कागदावर काय लिहून घ्यायचं?

पाच महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी, बर्फावरच्या ताटलीत तिसरी वडी आली ती चारशे सतरा.

मेंदूच्या ज्या भागात आठवणी प्रथम उतरतात त्याचा आकार समुद्रातल्या घोडामाशासारखा असतो, म्हणून पेढीत त्याला घोडाच म्हणत. वडीत घोडा होता. पिवळट मेणात राखी रंगाची ती वळलेली मान. रंगारी चहाला गेलेला. खोलीत फक्त गार हवेच्या यंत्राची घरघर.

तिने वडी खाली ठेवली. हे तिने केलं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ती उठून हात धुऊन आली. मग बसली, वडी परत उचलली, यंत्रात घट्ट केली आणि बोट टेकवलं.

"येते हं आत," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "ताई."

पहिले काप चुरगळले. तसं होतंच. पाचव्या फेरीला नीट काप आला, आणि त्याच फेरीला चाकातून आवाज आला. खट्. यंत्र नऊ वर्षांचं, तिच्या हाताखालचं, त्याचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तिने थांबून स्क्रू पाहिले, तेलाचा थेंब सोडला. पुढची फेरी. खट्. प्रत्येक फेरीला एक, चाक वर आलं की. तिने श्वास रोखून धरला होता, आणि तरी फीत हलत होती. उडत नव्हती. आपल्याकडे कोणी तोंड वळवावं तशी सावकाश तिच्याकडे वळत होती. कुंचला धरलेला तिचा हात कधी थरथरत नसे, आजही थरथरला नाही. तेच तिला भयंकर वाटलं. बारा काप. बारा खट्. पाण्यावर सोडल्यावर सुरकुत्या गेल्या आणि बारा लहान लहान घोडे एका रांगेत, एकाच दिशेला माना करून तरंगत राहिले.

वडी काढल्यावर तिने चाक रिकामं फिरवून पाहिलं. आवाज नव्हता.

रंगारी आला, त्याने पट्ट्या घेतल्या. जाता जाता म्हणाला, बाई, आज चेहरा पांढराफटक पडलाय, आतून कोणी 'या' म्हणालं की काय. तिने त्याला उत्तर दिलं नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच.

गुरुवारी डॉक्टरीणबाई काप बघायला बसल्या. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला समोरच्या बाजूने दुसऱ्या माणसालाही बघायची सोय होती, आणि पापुद्रेबाई नेहमीच तिथे बसत, काप कुठे फाटला, कुठे दुमडला ते समजावं म्हणून. काळोखावर निळा उजेड पडला. गठ्ठे त्या उजेडात चमकतात. तिने हजारो वेळा पाहिलेलं आभाळ होतं ते. दुखणं जितकं जुनं तितके तारे दाट. या आभाळात तारे होते, पण त्यांच्या कडा झिजलेल्या होत्या, आणि मध्ये मध्ये काळ्या मोकळ्या जागा होत्या.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी दोनदा सरकवून पाहिली. मग म्हणाल्या की नंबरांची बंद पाकिटं उघडतील तेव्हा उघडतील, पण याला खरी गोळी मिळत असावी असं वाटतं. रेणू आत पोचलाय. थोडं उशिरा पोचला, पण पोचलाय.

"मग तिला जे आठवलं ते खरं होतं?" पापुद्रेबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळे वर केले. "कोणाला?"

तिने सगळं सांगितलं. नंबर, बाटली, कडी. तिला वाटलं होतं बाई रागावतील. त्या रागावल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं. त्यांनी बाराच्या बारा पट्ट्या उचलून टाकाऊ मालाच्या लाल पिशवीत टाकल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, घरात कोण काय बोललं ते भिंत कापून कळत नाही. गठ्ठे कमी होते, एवढंच हे सांगतं. तिला जे आठवलं ते घडलं होतं की नाही, हे कुठल्याच कापात नसतं. आणि आता तर तेवढंही राहिलं नाही."

तिने म्हटलं, मी निवडून काढलेले नाहीत, देवाशपथ.

"तुम्ही निवडले नसतील. पण कुठला काप हवाय ते तुमच्या हाताला माहीत होतं. तुमचा हात मी एकतीस वर्षं बघतेय."

घोड्याची दुसरी बाजू अजून बुडवून ठेवलेली होती. तीच आता वडीत बसवायची, रंगाऱ्याने कापायची. पण आधी झालेला प्रकार घरच्यांना कळवून त्यांची नव्याने सही घ्यायला हवी होती, आणि पापुद्रेबाईंची सही चालणार नव्हती. त्या आता घरच्या राहिल्या नव्हत्या, त्या प्रकारातल्या झाल्या होत्या. ताईची मुलं परदेशी. मग उरला दादा.

फोन सुनेने घेतला. येतो म्हणाली, पण जरा घुटमळली. बाबा हल्ली थोडे विसरतात, म्हणाली, वय झालं. पापुद्रेबाईंनी ते ऐकलं आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सगळा जन्म हेच बघण्यात गेलेल्या माणसाला आपल्या माणसाच्या बाबतीत ते शेवटी दिसतं.

पुढच्या बुधवारी दुपारी ते आले. सून खाली गाडी लावायला जागा शोधत होती. दादा एकटाच जिना चढून वर आला आणि पेढीच्या बाहेरच्या बाकावर बसला. इस्त्रीचा सदरा, वरचं बटण लावलेलं, मांडीवर टोपी. ती दारातून बाहेर आली. पाच महिन्यांनी बघत होती त्याला. तिने मनात वाक्य तयार केलं होतं. दादा, माझ्या हातून चूक झाली. त्या वाक्यापासून सुरुवात करायची, आणि जमलं तर कडीपर्यंत पोचायचं.

दादाने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"ताई," तो म्हणाला. "अगं, तू इथं कशी?"

वयाबरोबर ती ताईसारखी दिसायला लागली होती, सगळेच म्हणत. पण दादा ताईच्या मातीला आला होता. त्यानेच खांदा दिला होता. तिने खाली बसून त्याचा हात धरला. मी कोण ते सांगायला तिने तोंड उघडलं, पण दादाने इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्याकडे झुकला. त्याचा आवाज खाली गेला.

"ते फाडून टाकलंस ना गं?"

"काय?"

"तिकीट. तीनच्या खेळाचं. मी माझं तिथंच गटारात टाकलं. तू मध्यंतराला मुठीत धरून बसली होतीस, मी मागून बघत होतो. म्हटलं, हिला सासरच्यांची भीती आणि मला कारखान्याची. मी तुझं सांगायचं नाही, तू माझं सांगायचं नाही." तो जरासा हसला, लहान मुलासारखा. मग हसू गेलं. "पण कडी तरी राहू द्यायची, ताई. मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालून जायचंस. ठमी लावून निजली होती बिचारी."

तिची नजर त्याच्या हातावर होती. जाड नखं, अंगठ्यावर कारखान्यातला जुना वण. त्या हातानेच ती कडी बसवली होती. चार तुकडे करून फाडलेले कपटे, ताईची आवळलेली मूठ. ताईने तिकिटाचं कधी सांगितलं नव्हतं. आणि ताईने दारापाशी काय सांगितलं होतं ते तिने दादाला कधी सांगितलं नव्हतं. दोन माणसं, दोन गावं, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. आणि दोघांच्याही दारावरचा पहारेकरी निघून गेल्यावर आतून तीच दुपार चालत बाहेर आली होती.

तिच्या तळहाताला एकदम गार लोखंड लागलं. चवडे ताणले गेले. खट्.

"ठमीला सांगितलंस का?" दादा विचारत होता. "मी कितीदा ठरवलं. मला नाही जमलं. तू सांग. तू मोठी आहेस."

मी ठमी आहे, असं म्हणता आलं असतं. मग तो दचकला असता, गप्प झाला असता, आणि परत कधी उघडला नसता. आणि त्याला कोणी उत्तरही दिलं नसतं.

"सांगितलं," ती म्हणाली.

"काय म्हणाली?"

तिने त्याच्या मांडीवरची टोपी सरळ केली. "काही नाही म्हणाली. चहा थंड होतोय म्हणाली."

दादाने मान हलवली, सुटल्यासारखा श्वास सोडला. "तशीच आहे ती," तो म्हणाला.

कागद घेऊन डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दादाने चष्मा लावला आणि सावकाश, नीट अक्षरात सही केली. सून वर येऊन शेजारी उभी राहिली होती. सहीखाली पत्ता लिहायचा होता. त्याने जुन्या घराचा लिहिला, कालव्याजवळचा. सुनेने काही बोलायच्या आत पापुद्रेबाईंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी पत्त्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि सगळं समजल्यासारखं हळूच म्हणाल्या, "यांना सोमवारी घेऊन या. चाचणीत अजून जागा आहे."

म्हणजे एक बाटली, एक नंबर, निळे अभ्रे. रेणू आत सरकणार. लागू पडला तर दादा सावरेल. आणि सावरला तर तो परत पूर्वीसारखा गप्प होईल, आणि आज बाकावर जे बोलला ते तो कधी कबूल करणार नाही. तिने यावर विचार केला, पण फार नाही. सोमवारी आणते, म्हणाली.

आत रंगाऱ्याने दुसरी वडी यंत्रात बसवली. दार अर्धवट लोटलेलं होतं. ती बाहेर, दादाजवळच बसून राहिली. नियमच तसा होता. चाकाचा आवाज येईना. तिला वाटलं, याला काही अडलं की काय. मग खाकरल्याचा आवाज आला, आणि रंगारी, पंधरा वर्षं तिची टर उडवणारा रंगारी, आपल्याला कोणी ऐकत नाही अशा समजुतीने, दबक्या आवाजात म्हणाला, "येतो हं आत."

दादाने बाकावरून मान वर केली.

"या की," तो म्हणाला. "उघडंच आहे दार."